लग्नाचा वाढदिवस नेमका कधी?

नवा संसार मांडताना घरात काय काय येणार, याची यादी ठरलेली असते. गॅसची शेगडी, कुकर, मिक्सर, गाद्या आणि आहेरात आलेले तीन-तीन लेमनसेट. एक गोष्ट मात्र कुणी यादीत लिहीत नाही, तरी ती पहिल्या आठवड्यातच येते. स्वयंपाकघराच्या भिंतीत एक खिळा ठोकला जातो आणि त्यावर दिनदर्शिका लागते. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ सुरू केलं, तेव्हापासून मराठी घरातली ही जागा सहसा रिकामी राहत नाही. थोड्याच दिवसांत तिच्यावर दोन हस्ताक्षरं दिसू लागतात. सिलिंडर लावला त्या तारखेभोवती गोल, दूध आलं नाही त्या दिवशी खाडा, कामाच्या बाईंची सुट्टी, कर्जाचा हप्ता, तिच्या आईबाबांची गाडी, त्याची रात्रपाळी. दोघांचं पहिलं वर्ष या चौकोनांमध्ये उमटत जातं.

त्या प्रत्येक चौकोनात काळ दोनदा छापलेला असतो. मोठ्या ठशातला आकडा सूर्याचा. सूर्याभोवतीच्या फेरीत पृथ्वी कुठवर आली, ते तो सांगतो. त्याच्याखाली बारीक अक्षरात तिथी असते, ती चंद्राची. लग्नपत्रिकेवरही मिती आणि दिनांक अशा दोन्ही गोष्टी होत्या. नोंदणीच्या दाखल्यावर फक्त दिनांक उरला. मग या दोघांच्या लग्नाला वर्ष पुरं होतं ते कधी? प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या मागे गेलं की पहिली संक्रांत, पहिली मंगळागौर, जावयाचं पहिलं वाण, असे नव्या जोडप्याचे सगळे कौतुकाचे दिवस आकाशातल्या एका विलक्षण जमाखर्चावर उभे असलेले दिसतात.

एक रविवार, दोन वाढदिवस

उदाहरण घेऊ. समजा, एका जोडप्याचं लग्न १४ डिसेंबर २०२५ ला झालं. रविवार होता, हॉल मिळाला, पाहुण्यांना सोयीचं झालं. त्या दिवशी मार्गशीर्ष वद्य दशमी होती.

तारखेचा वाढदिवस १४ डिसेंबर २०२६ ला. तोवर पृथ्वीने सूर्याभोवतीची फेरी पुरी केलेली असेल आणि हे जोडपं, घरातून हललं नाही तरी, त्या वाटेवर सुमारे ९४ कोटी किलोमीटर पुढे गेलेलं असेल. वेग सेकंदाला साधारण ३० किलोमीटर! फक्त त्या दिवशी सोमवार आहे. ३६५ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस, म्हणून वार दरवर्षी एकाने पुढे सरकतो. २०२७ ला मंगळवार. २०२८ लीप वर्ष, त्यामुळे बुधवार गाळून एकदम गुरुवार. पुन्हा रविवार उजाडायला २०३१ साल यावं लागेल. लग्नाचा वार त्याच तारखेला परत यायला लीप वर्षं कुठे पडतात त्याप्रमाणे ५, ६ किंवा ११ वर्षं लागतात. २९ फेब्रुवारी २०२४ ला लग्न केलेल्यांना तर तारीखच २०२८ मध्ये पहिल्यांदा परत दिसणार आहे.

आता तिथी. अमावास्येला सूर्य आणि चंद्र आकाशात एकाच दिशेला असतात. मग चंद्र पुढे निघतो. सूर्यापासून त्याचं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. ३६० अंशांत अशा ३० तिथी, तो झाला चांद्रमास. चंद्राची कक्षा किंचित लंबगोल असल्याने तो पृथ्वीजवळ आला की वेगाने पळतो आणि लांब गेला की रेंगाळतो. म्हणून एखादी तिथी जेमतेम २० तासांत आटोपते, तर एखादी जवळपास २७ तास चालते. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची, असा नियम. त्यामुळे एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मध्येच सुरू होऊन संपते आणि दिनदर्शिकेत तिला स्वतःचा दिवसच मिळत नाही. हा तिथीचा क्षय. एखादीला दोन सूर्योदय लाभतात, ती तिथीची वृद्धी.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी जोडप्यांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. तिथी बदलण्याचा क्षण साऱ्या जगात एकच असतो, पण सूर्योदय जागोजागी वेगळा. म्हणून एकच सण पुण्यात आणि न्यू जर्सीत वेगळ्या तारखेला येऊ शकतो.

चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा. असे १२ महिने म्हणजे ३५४ दिवस. सूर्याच्या वर्षापेक्षा ११ दिवस कमी. तेव्हा आपल्या जोडप्याचा तिथीने येणारा पहिला वाढदिवस ३ डिसेंबर २०२६ च्या आसपास यायला हवा. त्या सुमाराला वद्य दशमी येते, पण ती मार्गशीर्षातली नसते, कार्तिकातली असते. मार्गशीर्ष वद्य दशमी थेट जानेवारी २०२७ च्या पहिल्या आठवड्यात उगवते. म्हणजे २०२६ च्या सबंध वर्षात या जोडप्याच्या लग्नाचा तिथीने वाढदिवसच नाही! आणि २०२७ मध्ये दोन आहेत, एक जानेवारीत आणि दुसरा डिसेंबरच्या उत्तरार्धात. ही किमया अधिक मासाची.

अकरा दिवसांची उधारी

वर्षाला ११ दिवस मागे पडणारं पंचांग तसंच सोडून दिलं असतं, तर दिवाळी हळूहळू पावसाळ्यात, मग उन्हाळ्यात गेली असती. हिजरी कालगणना शुद्ध चांद्र आहे, तिथे ही दुरुस्ती नाही. म्हणून रमजान सगळ्या ऋतूंमधून फिरतो आणि साधारण ३३ वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. निकाहाची तारीख हिजरी महिन्यानुसार पाळणारं जोडपं त्या काळात थंडी, ऊन, पाऊस अशा सगळ्या ऋतूंत वाढदिवस साजरा करून घेतं.

आपल्या पंचांगाने मात्र ही ११ दिवसांची उधारी वहीत मांडत जायची आणि महिनाभराची झाली की एकरकमी फेडायची, अशी रीत ठेवली. सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी एक जादा महिना येतो, तो अधिक मास, बोलीत धोंड्याचा महिना. कोणता महिना अधिक, हे कुणाच्या मर्जीवर नसतं. सूर्य साधारण दर महिन्याला एक रास ओलांडतो, ती त्या राशीची संक्रांत. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सूर्याने राशीच बदलली नाही, तर तो महिना अधिक.

२०२६ चं उदाहरण तर श्वास रोखून धरायला लावणारं आहे. सूर्य १५ मे रोजी वृषभेत शिरतो. त्यानंतर १६ आणि १७ मेच्या मधल्या रात्री अमावास्या संपते. पुढची अमावास्या १५ जूनला सकाळी संपते आणि सूर्य मिथुनेत जातो त्याच दिवशी दुपारी. संक्रांत त्या महिन्यातून अवघ्या काही तासांनी निसटली! म्हणून १७ मे ते १५ जून २०२६ हा अधिक ज्येष्ठ झाला. ऐन लग्नसराईतला महिना. अधिकात लग्नाचे मुहूर्त काढायचे नाहीत अशी परंपरा असल्याने कितीतरी जोडप्यांच्या तारखा या काही तासांनी इकडच्या तिकडे होतात. काही घरांत टिळक पंचांग पाळतात. त्यात राशिचक्राचा आरंभबिंदू काही अंशांनी वेगळा धरलेला आहे. त्यामुळे संक्रांती काही दिवस सरकतात आणि कधीकधी अधिक मासही वेगळा येतो. माहेर एका पंचांगाचं आणि सासर दुसऱ्याचं असेल, तर नव्या सुनेला एखाद्या वर्षी गणपती दोन वेळा भेटतात, तेही महिन्याच्या अंतराने.

दोन अधिक मासांतलं अंतर कधी २८ महिने असतं, कधी ३४-३५. तीन वर्षांच्या वर ते कधीच जात नाही. म्हणजे प्रत्येक नव्या जोडप्याच्या वाट्याला लग्नानंतर तीन वर्षांच्या आत एक अधिक मास येतोच, आणि त्याबरोबर जावयाचं वाण. चांदीचं ताट, दिवा आणि ३३ अनारसे. ३३ च का? कुणी तेहतीस कोटी देवांचं नाव घेतं, कुणी साधारण तेहतिसाव्या महिन्यात येणाऱ्या या महिन्याकडे बोट दाखवतं. वाण सच्छिद्र पदार्थांचं हवं असा संकेत आहे, म्हणून अनारसे नाहीतर बत्तासे.

अनारसा हा सुद्धा धीराचाच हिशेब. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग उपसून सावलीत सुकवायचे, पण पुरते नाही. दमट असतानाच कुटायचे, गूळ किंवा साखर घालून गोळा मुरत ठेवायचा. भिजवताना तांदूळ किंचित आंबतो आणि दाणा आतून ठिसूळ होतो. खसखशीवर थापलेला अनारसा तुपात सोडला की आतल्या ओलाव्याची वाफ होते. तांदळाच्या पिठात गव्हासारखा चिकट जाळा नसतो, त्यामुळे वाफेला अडवणारं कुणी नसतं. ती असंख्य भोकं पाडत वर येते. हीच जाळी. म्हणून अनारसा उलटत नाहीत, खसखशीची बाजू वर ठेवून झाऱ्याने वरून तूप उडवतात. गोड जरा जास्त झालं की तो कढईतच पसरून विरतो. तेव्हा सासूबाई म्हणतात, “अनारसा हसला गं!”

पहिल्या संक्रांतीचा काटा

आपल्या जोडप्याची पहिली संक्रांत लग्नानंतर बरोबर महिन्याने, १४ जानेवारी २०२६ ला आली. काळी साडी, हलव्याचे दागिने आणि हळदीकुंकू. काळा रंग उन्हाची ऊब धरून ठेवतो, म्हणून थंडीतल्या या एका सणाला तो शुभ ठरला.

खरं नवल दागिन्यांत आहे. तिच्यासाठी बिंदी, बाजूबंद, मंगळसूत्र, कमरपट्टा. त्याच्यासाठी हार आणि नारळ. आणि हे सगळं साखरेचं! मंद आचेवर परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घ्यायचा. त्यावर चमच्याने पाक थेंब थेंब सोडायचा आणि बोटांनी दाणे हलवत राहायचं. घाई केली की गोळा होतो. खोलीच्या तापमानाला एक लिटर पाण्यात सुमारे दोन किलो साखर विरघळते, उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहून जास्त. पाकातलं पाणी परातीच्या उबेने उडून गेलं की साखरेला पाण्यात जागा उरत नाही. ती दाण्यावर स्फटिक होऊन बसते. पहिला थर खडबडीत असतो. त्यावर कुठे एखादं बारीक टोक वर आलेलं असतं, तिथे पुढचा पाक आधी सुकतो आणि टोक आणखी वाढतं. असे थरावर थर चढले की हलव्याला काटा येतो. हवा दमट असेल तर पाक सुकत नाही आणि काटा फुलत नाही. म्हणून हे काम जानेवारीच्या कोरड्या थंडीतलं. नवरीच्या अंगावरचा प्रत्येक काटा म्हणजे कुणाच्या तरी बोटांनी तासन्‌तास राखून घडवलेला स्फटिक आहे.

संक्रांत हा आपल्या पंचांगातला चंद्राला न जुमानणारा सण. तो सूर्याच्या मकरप्रवेशावर चालतो, म्हणून दरवर्षी जवळपास त्याच तारखेला येतो. पण ‘जवळपास’ हा शब्द महत्त्वाचा. फिरता भोवरा जसा डोलतो तसा पृथ्वीचा आस डोलतो, एका डोलण्याला सुमारे २५,८०० वर्षं लागतात. त्यामुळे ताऱ्यांच्या आधाराने ठरवलेली संक्रांत साधारण ७२ वर्षांना एक दिवस या वेगाने पुढे सरकते. सुमारे १७०० वर्षांपूर्वी मकरसंक्रांत आणि सूर्याचं उत्तरेकडे वळणं एकाच वेळी होत असे. आता सूर्य २१-२२ डिसेंबरलाच वळलेला असतो आणि तिळगूळ आपण तीन आठवड्यांनी वाटतो. पानिपतची लढाई संक्रांतीला झाली, असं आपण ऐकत आलो. लढाईची तारीख १४ जानेवारी १७६१ हीच. पण मागे जाऊन गणित केलं तर त्या वर्षी मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमाराला येते. संक्रांत सरकत आहे. आज लग्न झालेल्यांच्या नातवंडांची पहिली संक्रांत बहुधा १५ किंवा १६ जानेवारीला असेल.

सावित्री आधी की नंतर?

अलीकडे मराठी मुलगी आणि लखनौचा मुलगा, किंवा उलट, अशी जोडपी पुण्या-मुंबईत, बंगळूरुत सर्रास भेटतात. त्यांच्या घरातला एक गोड तंटा पंचांगाचाच असतो. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचं नाव एकच, वद्य पक्षात वेगळं. म्हणून आपल्या जोडप्याची मार्गशीर्ष वद्य दशमी लखनौच्या सासऱ्यांच्या हिशेबी पौषातली ठरते. त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस सुरू होतो.

वटसावित्रीचं व्रत उत्तरेत बहुतेक ठिकाणी तिकडच्या हिशेबाने ज्येष्ठ अमावास्येला असतं, आपल्याकडे ज्येष्ठ पौर्णिमेला. एरवी दोहोंत पंधरवड्याचं अंतर. पण २०२६ मध्ये मधे अधिक ज्येष्ठ येऊन बसला. त्यामुळे उत्तरेची वटसावित्री १६ मे रोजी आणि आपली वटपौर्णिमा २९ जूनला. एकाच सावित्रीसाठी दीड महिन्याचं अंतर! मंगळागौरीचंही तसंच. २०२३ मध्ये श्रावणच अधिक आला होता, तेव्हा नव्या नवरीला झिम्मा-फुगडीसाठी निज, म्हणजे अधिकानंतरच्या नेहमीच्या, श्रावणापर्यंत महिनाभर थांबावं लागलं. २०२६ मध्ये निज ज्येष्ठानंतर सगळेच सण मागे ढकलले गेले. श्रावण १३ ऑगस्टपासून, मंगळागौरीचे मंगळवार चार, आणि पहिल्या दिवाळसणाचं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. २०२५ मध्ये ते २१ ऑक्टोबरला होतं. दिवाळी एक-दोन वर्षं अकरा-अकरा दिवस अलीकडे येते आणि मग एकदम अठरा-एकोणीस दिवस पलीकडे उडी मारते, ती याच उधारीच्या फेडीमुळे.

रोजच्या जगण्यातही चंद्र डोकावतो. नोकरीमुळे एक नागपुरात आणि एक मुंबईत, आणि दोघांनाही संकष्टी, असं कितीतरी घरांत असतं. दिनदर्शिकेत चंद्रोदयाच्या वेळा गावांप्रमाणे वेगळ्या दिलेल्या असतात. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सहा अंशांहून थोडं जास्त. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणून नागपुरात चंद्र सुमारे २५ मिनिटं आधी उगवतो. तिकडचा उपास सुटून मोदकाचा फोटो येतो, तेव्हा इकडचा अजून गच्चीत उभा असतो.

एकोणीस वर्षांनी

मग तारीख आणि तिथी पुन्हा कधी भेटतात का? भेटतात, आणि हे या सगळ्या गणितातलं सर्वांत सुंदर ठिकाण आहे. सूर्याची १९ वर्षं म्हणजे ६९३९ दिवस आणि वर साधारण १४ तास. चंद्राचे २३५ महिने म्हणजे ६९३९ दिवस आणि वर साधारण १६ तास. दोघांत फरक जेमतेम दोन तासांचा! १९ वर्षांचे १२-१२ महिने २२८ होतात, उरलेले ७ म्हणजे त्या काळातले सात अधिक मास. अथेन्सच्या मेटनने इ.स.पू. ४३२ मध्ये हे चक्र मांडलं, म्हणून जगभर ते त्याच्या नावाने ओळखतात. आपल्याकडे वेदांगज्योतिषाने त्याआधीचं, जरा ढोबळ गणित बांधलं होतं. पाच वर्षांचं एक युग आणि त्यात दोन अधिक मास.

या चक्राचा पडताळा घरबसल्या घेता येतो. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. २००७ चाही अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. २०२३ चा अधिक श्रावण १८ जुलै ते १६ ऑगस्ट, आणि २००४ चाही नेमका तोच. २००७ मध्ये लक्ष्मीपूजन ९ नोव्हेंबरला होतं, २०२६ मध्ये ८ नोव्हेंबरला. फार तर दिवसभराचा फरक. आपल्या जोडप्याची मार्गशीर्ष वद्य दशमी २०४४ साली पुन्हा १४ डिसेंबरच्या आसपास येईल.

तुमच्या घरात लग्नपत्रिका जपून ठेवलेली असेलच. ती काढा, मितीची ओळ वाचा आणि दिनदर्शिकेत यंदाची ती तिथी शोधा. लग्नाला १९ वर्षं झाली असतील तर दोन्ही दिवस एकमेकांना खेटून सापडतील. संसार नवा असेल तर ते बरेच लांब असतील, आणि ते चांगलंच आहे. तारखेला केक कापा, तिथीला पुरण घाला. एका लग्नाचे दोन वाढदिवस साजरे करायला पंचांगाची पूर्ण परवानगी आहे.